मास्तरांनी दिलेली तारीख

छत्तीस वर्षं मी एका खोटारड्या माणसाबरोबर संसार केला. आता लगेच भुवया उंचावू नका. बाकी बाबतीत आमचे हे अगदी सरळ, रस्त्यात सापडलेलं बटणसुद्धा आधी चार जणांना विचारून मग खिशात टाकतील. खोटं फक्त तारखेच्या बाबतीत. शिंपी ना! गिऱ्हाईक आलं की मान वर न करता म्हणायचे, "गुरुवारी या." गुरुवारी माणूस आला की, "फक्त बटणं राहिलीत." बटणं राहिलीत म्हणजे कापड अजून कापलेलंसुद्धा नाही, हे मला घरी स्वयंपाकघरात बसूनही कळायचं. आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष तर स्वतःच्या लग्नात भावाचा कोट घालून उभे राहिले होते, कारण त्यांचा कोट जेवणं झाल्यावर पोचला. पण शिवण अशी की लोक शिव्या देत परत इथेच यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, अजूनही म्हणतात.

मग डोळे अधू झाले. सुईत दोरा ओवता येईना. दुकान बंद केलं आणि मास्तर घरात आले ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. दोन महिने बसले! चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर विचारायचेही नाहीत. भांडायला गेले तर भांडेनात. मी खरंच घाबरले. शेवटी एक दिवस त्यांच्या हातात खुरपं दिलं आणि म्हटलं, "मागच्या अंगणात गवत कमरेला लागलंय. साप निघाला तर समितीला सांगेन, मास्तर घरी असून बघत बसले होते."

इमारतीच्या मागचं अंगण म्हणजे एकोणीस गुलाब, शेवंतीच्या दोन रांगा आणि बाकी सगळं रान. पावसाने सगळं माजलं होतं. हे खाली गेले आणि दुपारच्या जेवणालाही वर आले नाहीत. चार दिवसांत गवत उपटलं, वाळलेली पानं झाडून एका कोपऱ्यात खड्ड्यात कुजायला घातली, माती उकरून मोकळी केली. शेवंतीला काठ्यांचा आधार दिला, तोही कापडाच्या काठांच्या पट्ट्यांनी बांधून. रात्री जेवताना मला म्हणाले, "मीठ कमी आहे." मला इतका आनंद झाला की मी मीठ वाढायलाच विसरले.

आणि नेमकं तेव्हाच समितीच्या डोक्यात आलं की अंगणात फरशी घालायची आणि स्कूटर लावायच्या. अध्यक्ष सांगायला घरी आले. "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. पण तिथे आहे काय? काटे!"

"फुलं येतील," हे म्हणाले.

"कधी?"

मी आतून खुणा करतेय, बोलू नका, बोलू नका. पण तोंडाला लागलेलं वळण ते! "आज छाटणी करतो. छाटणीपासून पंचेचाळीस दिवस. तारीख लिहून घ्या."

अध्यक्षांनी खरंच लिहून घेतली. "त्या दिवशी फुलं दिसली तर अंगण तुमचं. नाही तर फरशी." मी कपाळाला हात लावला. अंगण गेलं तर हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या वेळी मला उठवता येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

छाटणी तर बघण्यासारखी होती. गळ्यात टेप, कानामागे खडू. एकेक फांदी मापून तिच्यावर खडूची रेघ मारायची, लांब उभं राहून बघायचं, पुन्हा मापायचं आणि मग रेघेच्या वर चांगलं वीतभर सोडून कापायचं. मी विचारलं, "रेघ मारली खाली आणि कापलंत वर, ते का?"

"माया सोडली," म्हणाले.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढे माणूस सुटला तर कपडा उसवून सैल करायला, ती माया. एकोणीसच्या एकोणीस गुलाबांना यांनी माया सोडली! मी म्हटलं असेल तसंच. मला काय कळतंय गुलाबातलं?

दहाव्या दिवशी रोपवाटिकावाला खताची पोती घेऊन आला आणि झाडं बघून हसायलाच लागला. "मास्तर, ही छाटणी की हजामतीत नुसता कंगवा फिरवलाय? सगळी वाळकी टोकं तशीच. जोर त्यांच्यातच जातोय. खाली, डोळ्याच्या, म्हणजे फुटवा येतो त्या जागेच्या, वर कापा."

"जास्त कापलं तर जोडणार कोण?"

"अहो, हे वाढतं! कापड नाही हे."

हे बराच वेळ कात्री हातात धरून उभे राहिले. आयुष्यभर एकच भीती या माणसाला, कापड तोकडं पडण्याची. मग दात आवळून सगळी माया कापून टाकली. अंगणात नुसते खुंट उरले. आणि दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले. अध्यक्षांना हे सांगायला नको का? मी रोज सांगत होते, जाऊन सांगा. "बघू. झाडं भरून काढतील," असं म्हणून हे निघून जायचे. गिऱ्हाइकांनाही असंच टांगून ठेवायचे मेले!

पंचेचाळिसावा दिवस उजाडला. झाडांना पानं तुकतुकीत, कळ्या भरपूर, पण हिरव्या आणि घट्ट. फूल एक नाही. मग मी जे केलं ते केलं. आदल्या दिवशी फुलवाल्याकडून गुलाब आणून ठेवले होते. पहाटे खाली जाऊन हिरव्या दोऱ्याने एकेक फांदीला बांधत सुटले. सात बांधून झाले आणि मागून आवाज आला, "ही गाठ? हिला गाठ म्हणतात?"

मास्तर उभे! त्यांनी एकेक गाठ सोडवली, फुलं काढून माझ्या पदरात टाकली.

"अहो, अंगण जाईल!"

"लोकांना फसवायचं असतं तर दुकान छत्तीस वर्षं चाललं असतं का?"

"फसवूनच चाललं ना! एक तारीख पाळलीत का कधी?"

ते हळू आवाजात म्हणाले, "तारीख चुकवली. माल कधी खोटा दिला नाही." मला माझ्याच तोंडाचा इतका राग आला म्हणून सांगू!

दहा वाजता अध्यक्ष आले. बरोबर समितीचे तिघं आणि फरशीवाला. त्याने लगेच टेप काढून मापायला सुरुवात केली. मास्तर म्हणाले, "टेप ढिली धरलीय. चार बोटं जास्त येतील." फरशीवाल्याने ओशाळून टेप ताणली.

"मास्तर, फुलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"आठ दिवसांनी या."

आणि काय सांगू तुम्हाला! चौघांनी माना डोलावल्या, "बरं, बरं" म्हणाले आणि वळून चालू लागले. इतक्या वर्षांची सवय, पायच वळले त्यांचे. जिन्यापाशी गेल्यावर अध्यक्ष एकदम थांबले आणि लालबुंद होऊन परत आले. "मास्तर! हे तुमचं दुकान आहे का?"

मला वाटलं आता बटणांची गोष्ट सांगतील. पण हे पुढे झाले आणि मान वर करून म्हणाले, "चूक माझी. कापडासारखं कापलं. दहाव्या दिवशी दुसऱ्यांदा कापायला लागलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही."

अध्यक्ष त्यांच्याकडे बघतच राहिले. यांच्या तोंडून चूक कबूल झालेली त्यांनी कुठे ऐकली होती? मी तरी कुठे ऐकली होती! शेवटी म्हणाले, "आठ दिवस. नवव्या दिवशी फरशी."

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हे सकाळ-संध्याकाळ कळ्यांना टेप लावायचे. दोन दिवस तर आभाळ भरून आलं, ऊनच नाही. यांचं जेवण तुटलं. खुर्चीकडे बघायचे आणि नजर वळवायचे, तेव्हा मला कळलं की भीती एकट्या माझीच नव्हती.

सातव्या दिवशी सहा वाजता जाग आली तर हे बिछान्यात नाहीत. वरच्या मजल्यावर कोणीतरी दार ठोठावत होतं. मी धावले. अध्यक्ष पायजम्यावर, पांढरेफटक पडून दारात, समोर हे, आणि मी अजून जिन्यात. "काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?"

"तयार आहे," मास्तर म्हणाले.

"काय तयार आहे?"

"एक दिवस आधी."

अध्यक्षांनी दाराची चौकट धरली. मग तसेच अनवाणी खाली आले. अकरा गुलाब उमलले होते, बाकीच्या कळ्यांनी रंग दाखवला होता. अध्यक्ष एकेका झाडापाशी वाकून हुंगत फिरले. शेवटी तिथूनच फोन लावून फरशीवाल्याला म्हणाले, "येऊ नका. स्कूटरचं दुसरीकडे बघतो." मग यांच्याकडे वळून अगदी मऊ आवाजात विचारलं, "मास्तर, पुढचा बहर कधी?"

यांनी तोंड उघडलं. जिभेवर 'गुरुवार' आलासुद्धा, मला दिसला. यांनी झाडांकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"त्यांना विचारून सांगतो," म्हणाले.

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने कुणाला तारीख दिली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.