अर्ध्या कीर्तनातलं नाव

नावं ठेवण्यात माझा हात धरणारा मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत कोणी नव्हता. माझं स्वतःचं नाव मात्र मला लिहिता यायचं नाही, रेशनकार्डावर अंगठाच.

पण खरंच, आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू लोकांत कोणाला मुलगा झाला की माणसं मला विचारायला यायची. शाळा मी दुसरीत सोडली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं. नावं मात्र डोक्यात गच्च, कारण माझे बाबा कीर्तनकार. कोकणात आमच्या गावी ते मराठीत कीर्तन करायचे आणि गोष्टी सगळ्या आमच्या धर्मपुस्तकातल्या. अब्राहाम, याकोब, मोशे, शमशोन. त्यामुळे कोणी म्हणालं की जुनी नावं नकोत बाबा, समाजी नको, हसाजी नको, तर मी लगेच सांगायचो, मग शमुवेल ठेव, यहेज्केल ठेव. तीच ती नावं, फक्त इस्त्री केलेली. कोणाच्या लक्षात यायचं नाही. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या पट्ट्यात तीन पोरं मी दिलेल्या नावांनी फिरत होती.

मग लग्नाला सात वर्षं झाल्यावर मला स्वतःला मुलगा झाला. माझा मेहुणा बँकेत. त्याने वीस नावांची यादी टाइप करून पाठवली, इंग्रजीत, अर्थासकट. मला वाचता येत नाही हे त्याला पक्कं माहीत. आमच्यात आठव्या दिवशी मुलाची सुनत, तेव्हाच हझान, म्हणजे प्रार्थना सांगणारा, नाव विचारतो. तोवर मी नाव आणलं नाही तर यादीतलं एक लागणार. मला ते नको होतं. पोराला द्यायला माझ्याकडे दुसरं होतं काय? नाहूरच्या एका कारखान्यात हेल्पर, राहायला भाड्याची खोली. एक नाव तरी बापाने दिलेलं पाहिजे ना यार.

आणि नाव माझ्याकडे होतं. अबशालोम.

त्याचं असं. आम्हा चार भावांतून बाबांनी कीर्तनातली झांज माझ्या हातात दिलेली. माझा ताल चांगला म्हणून दिली, असं मी धरून चाललेलो. जेवणं झाली की कीर्तन सुरू, आणि झांज मांडीवर ठेवून मीपण सुरू, घोरायला. जाग यायची ती बाबांच्या रडण्याने. दावीद राजा आपल्या मेलेल्या मुलाला हाका मारतोय, अबशालोम, अबशालोम करून. बायका डोळ्यांना पदर लावतायत, बाबांच्या डोळ्यांतही खरंखुरं पाणी. मला वाटायचं, राजा ज्याच्यासाठी एवढा रडतो तो पोरगा काय झकास असेल.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यात शालोम आहे ना, म्हणजे शांती, मग चांगलंच असणार. शेजारच्या मालवणी काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ह्या नाव माका खोकल्याच्या औषधाचा वाटता." मी मनावर घेतलं नाही. बाबांना मुद्दामच सांगितलं नाही. त्यांना सगळ्यांसमोर ऐकवायचं होतं.

आठव्या दिवशी सकाळी ठाण्याच्या मशिदीत जमलो. सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो. पोर बाबांच्या मांडीवर. हझानने नाव विचारलं. मेहुण्याला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं. हझानने परत विचारलं. मला वाटलं म्हातारा बहिरा झाला, म्हणून मी अजून मोठ्याने सांगितलं. मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाबा छताकडे बघत होते.

हझान हळूच म्हणाला, "अरे, त्याने स्वतःच्या बापावर फौज नेली. बाप अनवाणी पळाला. हे ठेवायचंय?"

मग त्याच्याकडूनच मला कळलं, अबशालोम मेला कसा. लांब केस झाडात अडकले, तिथेच लटकलेला असताना मारला. मी पोराकडे बघितलं. पोर टकलं होतं. आणि माझं राज्य म्हणजे ती एक खोली. पण रिस्क कशाला.

मेहुण्याने खिशातून यादी काढली. त्या कागदाचा आवाज ऐकला आणि माझं डोकं चाललं. म्हटलं, "मग जो रडला त्याचं ठेवा. बापाचं. दावीद."

हझानने मान डोलावली. बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. नाव पुकारलं, पोराचं आणि त्याला जोडून माझं, त्याचा बाप म्हणून. मशिदीत माझं नाव इतक्या मोठ्याने तोपर्यंत कोणी घेतलंच नव्हतं. छाती अशी फुगली की सदऱ्याचं एक बटण तुटलं, ते मी तसंच ठेवून दिलंय. मेहुण्याने नंतर दाखवलं, ते नाव यादीत चौथं होतं. असू दे. मी कुठे वाचलं होतं?

पोरगा आता मोठा झाला. सही करतो ती पण लांबलचक, इंग्रजीत. कुठे सही करताना दिसला की मी शेजारी जाऊन उभा राहतो, काही काम नसलं तरी.

सुनतीच्या त्या दिवशी रिक्षाने घरी येताना मला राहवलं नाही. म्हटलं, "बघा बाबा, झांज तुम्ही माझ्याच हातात दिलीत ते उगाच नाही. शेवटी कीर्तनातलंच नाव ठेवलं."

बाबा म्हणाले, "झांज तू जागा राहावास म्हणून दिली होती."