परतीच्या वाटेवरचे किमोनो

भाऊजींना वहिनी किती कळल्या होत्या असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर असं की फारशा नाहीत. एकाच इमारतीत वहिनी वरच्या मजल्यावर आणि भाऊजी खालच्या, अशी जवळजवळ सगळी हयात गेली. वहिनींना चहा किती गोड लागतो, जिना चढताना कोणता गुडघा कुरकुरतो, कोण दारात आलं की त्या आतूनच "झोपल्यात म्हणून सांगा" असं खुणावतात, हे भाऊजींना पाठ होतं. पण ज्या एका गोष्टीपायी ही बाई अर्धं आयुष्य मनातून मान खाली घालून वावरली, तीच गोष्ट भाऊजी चारचौघांत छाती फुगवून सांगत सुटले होते. आता बोला.

वहिनी कॉलेजात इतिहास शिकवायच्या. वर्गात अभ्यासक्रमातले राजे आणि लढाया; पण जीव सगळा अडकला होता चीन, कोरिया आणि जपानच्या किनाऱ्यांवरच्या लहान लहान बंदरांत. तिथलेही राजे नकोत, सरदार नकोत. त्यांना नावाडी हवे होते. "राजांचं लिहायला पगारी माणसं असतात. नावाड्याचं कोण लिहिणार?" असं त्या म्हणत. घरातल्या जेवणाच्या टेबलावर कायम नकाशे पसरलेले. ताट मांडायचं तर आधी समुद्र गुंडाळून ठेवावा लागे. भाऊजींचे थोरले भाऊ, दादा, कधी कुरकुरले नाहीत. "आज कोरियावर चहा सांडला," एवढंच ते खाली येऊन सांगत.

बरीच वर्षं खपून वहिनींनी नावाड्यांचा इतिहास लिहिला. उशाला घ्यावं एवढं जाड पुस्तक झालं. न खपलेल्या गठ्ठ्यांनी पलंगाखालची जागा अडवली. दादा म्हणत, "हिच्या पुस्तकाला एक वाचक आहे, आणि त्यालाही तिसऱ्या पानावर डुलकी लागते." वहिनी खळखळून हसत. त्या काळी त्या तशा हसत.

पुढे आणखी एक वाचक निघाला. तो मुलांसाठी कार्टून बनवणारा गृहस्थ होता. पैशाला इतका घट्ट की त्याचेच चित्रकार त्याला पाठीमागे 'बचत' म्हणत. पुस्तकातल्या चार ओळींवरून वहिनींनी त्याला एक गोष्ट लिहून दिली. जपानमधला एक नावाडी आपल्या लहान लेकीला घेऊन नव्या नावेचा परवाना काढायला दूरच्या बंदरावर पायी जातो आणि परवाना घेऊन घरी परत येतो. गोष्ट एवढीच. 'नावाड्याची लेक' हे नावही त्यांनीच दिलं. श्रेयनामावलीत 'लेखन आणि इतिहास सल्ला' म्हणून त्यांचं एकटीचं नाव येणार होतं.

बचतच्या स्टुडिओतला फोन सारखा मुका व्हायचा. भाऊजी टेलिफोन खात्यात तक्रारी घ्यायच्या टेबलावर होते, म्हणून वहिनी एकदा त्यांना सोबत घेऊन गेल्या. सुतारकामाच्या कारखान्यावरचा मजला, लाकडाच्या भुशाचा वास, आणि ओळीनं मांडलेली काचेची टेबलं. काचेखाली दिवे. चित्रकार कागदावर कागद ठेवून खालून येणाऱ्या उजेडात गिरवत बसलेले. भाऊजी कोपऱ्यात फोनची वायर सोलत असताना मोठा चित्रकार वहिनींकडे आला.

"बाई, बाप-लेक बंदराकडे जातात ती चाल काढून झाली. परत येतानाची नव्यानं काढायची तर महिना खाईल. तेच कागद उलटे ठेवून गिरवले तर? उजवीकडे चालणारी माणसं आपोआप डावीकडे चालायला लागतील. बचतरावांचाही जीव भांड्यात पडेल."

वहिनींनी एक कागद उलटा करून उजेडावर धरला आणि बराच वेळ निरखला. "सोबत चालणाऱ्या पहारेकऱ्याची तलवार उजव्या कमरेला गेली. ती डावीकडेच हवी. तेवढी नव्यानं काढा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं चालेल की. माणूस इकडून पाहिला काय, तिकडून पाहिला काय."

"तलवारसुद्धा सुटत नाही बाईंच्या नजरेतून," चित्रकार भाऊजींना म्हणाला. भाऊजींना उगाच आपलंच कौतुक झाल्यासारखं वाटलं.

शेवटच्या दृश्यात आई दार उघडते. तोवर बचतचे पैसे संपत आले होते. त्यानं सुरुवातीच्या दृश्यातलं, समुद्राकडे डोळे लावून उभ्या असलेल्या आईचं चित्र उचललं आणि दारात लावलं. म्हणजे बाप-लेक समोर उभे आणि आई त्यांच्या डोक्यावरून लांब कुठेतरी बघतेय. "मुलं काय एवढं बघतात?" बचत म्हणाला.

पहिला खेळ एका छोट्या सभागृहात झाला. जवळच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरची वयस्क आई कुणाबरोबर तरी आली होती. दिवे लागले तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. ती सरळ वहिनींकडे आली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "किती हळुवारपणे दाखवलंत. जाताना जिवंत होती. येताना दोघांचे किमोनो उजवी बाजू वर. मी लगेच ओळखलं. आणि आई दार उघडते, पण तिला ती दिसत नाहीत."

जपानमध्ये जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू उजवीवर घेतो. उजवी डावीवर घेतात ती फक्त मेलेल्या माणसाची, शेवटचं नेसवताना. हे वहिनींच्या पुस्तकातच होतं. त्यांनी स्वतः लिहिलेलं.

वहिनी म्हणाल्या, "हो."

शेजारी एक वार्ताहर उभा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं आणि मग त्याला पायच फुटले. मुलांच्या कार्टूनमध्ये लपवलेला मृत्यू, लेखिकेची सूक्ष्म दृष्टी, वगैरे वगैरे. लोक सिनेमा पुन्हा पाहायला आले, पलंगाखालचे गठ्ठे रिकामे झाले. मोठा चित्रकार भेटायला आला तो जरा रुसलेलाच होता. "बाई, एवढं मनात होतं तर आम्हाला सांगायचं होतं. आम्ही आपले बैलासारखे कागद उलटत बसलो." वहिनींनी त्याला पाण्याचा पेला दिला आणि दुसराच विषय काढला.

भाऊजींना मात्र जन्माचा विषय मिळाला. कचेरीत, नातेवाइकांत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. स्वतःच्या शर्टाची बटणपट्टी पुढे ओढून ते दाखवत, "ही बघा, डावी वर. म्हणजे मी अजून जिवंत आहे. आता हीच उलटी केली, तर?" लोक हसत, मग गंभीर होत, मग वहिनींकडे आदरानं बघत. तोवर वहिनी उठलेल्या असत. "गॅस चालू राहिला वाटतं," असं म्हणून त्या आत जात. दुसऱ्याच्या घरीसुद्धा त्यांचा गॅस चालू राहायचा. भाऊजी म्हणत, "बघा, किती विनय."

त्यानंतर वहिनींनी कार्टूनसाठी एक ओळ लिहिली नाही. त्या रेडिओकडे वळल्या आणि शेवटपर्यंत नभोनाट्यंच लिहीत राहिल्या. "तिथं कपडे दिसत नाहीत," असं त्यांनी दादांना सांगितलं, आणि दादांना तो विनोद वाटला. कोरियातल्या कुंभारणी, चिनी बंदरावरचे दुभाषे, वादळात अडकलेले मीठवाले, सगळे त्यांनी आवाजात उभे केले. जुन्या कॅसेटच्या फिती चुरगाळून गवतातली चाल काढत, बादलीत वल्हं फिरवून खाडी. वल्ह्याचा आवाज मनाजोगता होईना म्हणून त्यांनी एकदा ध्वनिमुद्रण थांबवून ठेवलं होतं. लोकांना ते खूळ वाटे. एकदा हात पोळलेली बाई होती ती, हे कुणाला ठाऊक?

दादा गेले. वहिनींचे गुडघे गेले, त्या पलंगावरूनच सगळं करू लागल्या. आणि एके दिवशी दुपारी एक निर्माती आली. चाळिशीची, बोलताना श्वास घ्यायला विसरणारी. भाऊजींनी तिला मनातल्या मनात 'एक्स्प्रेस' हे नाव देऊन टाकलं.

"मॅडम, आता 'नावाड्याची लेक' ऐकायची करायची. हल्ली लोक फोनवर नाटकं ऐकतात, चालता चालता, भांडी घासता घासता. अडचण एकच. परतताना ती मेलेली आहेत हे नुसत्या आवाजात कसं कळणार? पण मी शोधलंय. जाताना पावलं वाजतात. येताना पावलंच नाहीत. नुसता वारा. येतो की नाही काटा अंगावर?"

बिस्किटांची बशी घेऊन उभ्या असलेल्या भाऊजींच्या अंगावर खरंच काटा आला. "वा," ते म्हणाले.

वहिनींनी कप खाली ठेवला. "ती मेलेली नाहीत."

"म्हणजे?"

"दोघं सुखरूप घरी येतात. मी तसंच लिहिलं होतं. वेळ वाचवायला कागद उलटून गिरवले, त्यात कपडेही उलटले. मला विचारून केलं होतं. मी तलवार पाहिली, किमोनो पाहिला नाही."

"आणि आई त्यांच्याकडे बघत नाही, ते?"

"पैसे संपले होते. जुनं चित्र लावलं."

एक्स्प्रेस पहिल्यांदाच स्टेशनात थांबली. मग तिला हसू आलं. "मॅडम, हे बाहेर नका बोलू. लोकांनी त्यावर प्रबंध लिहिलेत."

"ठाऊक आहे. मला पाठवतात ना वाचायला."

"मग इतकी वर्षं..."

"त्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला कौतुक कधी मिळालं नव्हतं. मी हो म्हटलं. त्या दिवशी नाही म्हणणं सोपं होतं. पेपरात आल्यावर ते रोज अवघड होत गेलं." वहिनी बोलत होत्या चादरीच्या काठाकडे बघत. "आता ती दोघं माझ्यामागे तशीच राहणार. घरापर्यंत आलेली आणि मेलेली. तेवढं मला नकोय. परतताना पावलं वाजली पाहिजेत. आणि सुरुवातीला मी स्वतः चूक सांगेन. नाहीतर नाटकावर माझं नाव घालू नका."

"तुमच्या नावावर तर लोक ऐकणार." निर्मातीनं पर्स खांद्याला लावली. "बोलून पाठवा. ऐकते आणि मग ठरवते."

ती गेली. भाऊजींच्या डोळ्यांपुढून सगळ्या पंगती जाऊ लागल्या, सगळ्या बटणपट्ट्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. "वहिनी, मी इतक्यांदा... एकदा गप्प बसा म्हणायचं होतं मला."

"कसं म्हणू? तुम्ही नसलात की लोक मला विचारत आणि मलाच खोटं बोलावं लागे. तुम्ही असलात की तुम्हीच बोलून टाकायचात. मला नुसतं उठून जायचं असायचं." त्यांनी चादरीची घडी सारखी केली. "तुमच्या भोळेपणाचा आडोसा केला मी, भाऊजी. त्याची लाज वेगळीच."

भाऊजींनी बिस्किटांची बशी आत नेऊन ठेवली.

वहिनींनी परतीचा प्रवास नव्यानं लिहून काढला आणि ध्वनिमुद्रण घरीच केलं. खिडक्या बंद, दारावर गोधडी, पंखा बंद. उकाडा असा की जीव नकोसा. भाऊजींनी फोन पुस्तकांच्या चवडीवर उभा केला. नावाड्याचं शेवटचं वाक्य किती लांबतं ते बघायला वहिनींनी त्यांनाच वाचायला लावलं.

"दार उघड. आम्ही आलो," भाऊजी म्हणाले.

"तक्रार नोंदवून घेतल्यासारखं नका म्हणू. घरी पोचलाय तो."

"जन्मभर तेच केलं, वहिनी. पुन्हा म्हणतो."

मग वहिनींची पाळी आली. "या गोष्टीत कुणी मरत नाही. चित्रपटात तसं दिसलं, ती आमच्याकडून..." त्या थांबल्या. "आमच्याकडून कसली? चित्रकारानं तर विचारलं होतं. पुसा ते."

भाऊजींनी पुसलं. दुसऱ्यांदाही पुसायला लावलं. तिसऱ्यांदा त्या डोळे मिटून बोलल्या. "ती चूक माझ्याकडून झाली. एका बाईंना ती मेली असंच वाटलं, तेव्हा मी खोटं हो म्हटलं. त्या असतील तिथं त्यांनी मला क्षमा करावी."

भाऊजींनी बटण दाबलं आणि तिथंच निर्मातीला पाठवून दिलं. पुढे नाटक झालं. त्यात ही वाक्यं आहेत की काढली, परतताना पावलं वाजतात की नुसता वारा आहे, हे भाऊजींना सांगता येणार नाही. नाटक त्यांच्या फोनमध्ये आहे, पण ते लावायचा धीर अजून होत नाही. वहिनींनीही ते ऐकलं नाही. ध्वनिमुद्रणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्याच नाहीत.

ध्वनिमुद्रण झालं त्या दुपारी फोन खिशात टाकून भाऊजी गोधडी काढायला वळले. वहिनी उशीला टेकल्या होत्या, कपाळावर घाम, मांडीवर सुटे कागद.

"पंखा लावा आता, भाऊजी."

"लावतो. तीनवर?"

"दोनवर. कागद उडतील."