नवं बांधण्याचा दिवस

पाऊस ओसरला की आमच्या घरामागच्या सड्यावरून, त्या उघड्या कातळमाळावरून, एक वास उतरू लागतो: तापलेल्या जांभ्याचा, पिवळ्या पडत चाललेल्या गवताचा आणि खालच्या मळ्यांत पिकत आलेल्या भाताचा. शरदाची वर्णनं करणाऱ्यांनी चांदणं, कमळं आणि निरभ्र आकाश यांची इतकी रेलचेल करून ठेवली आहे की या वासाला तिथे जागाच उरलेली नाही. शिवाय रत्नागिरीतला शरद म्हणजे मुख्यतः बुरशी धरलेल्या गाद्या, चपला आणि लोणच्याच्या बरण्या उन्हात मांडण्याचा ऋतू. अंगणाच्या दगडी गडग्यावर घरातल्या सगळ्या उशा ओळीने पसरलेल्या असताना कमळांची आठवण कुणाला होणार?

गेल्या वर्षी याच दिवसांत माझा नवरा अजित सुट्टीवर आला होता. तो मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. गणपती झाल्यावर आला, आणि नवान्न पौर्णिमा आटोपली की परत जाणार होता. आमची सई तेव्हा तीन वर्षांची होती. वडिलांवर तिचं निरतिशय प्रेम होतं. फक्त ते वडील मोबाईलमध्ये राहत असत. दारातून चालत आलेला हा उंच, दाढीवाला माणूस तिला मान्य नव्हता. पहिल्याच संध्याकाळी त्याच्यासमोर उभं राहून तिने बाबांना फोन लाव म्हणून माझ्याकडे हट्ट धरला. शेवटी अजित मागच्या पडवीत गेला आणि तिथून त्याने स्वयंपाकघरातल्या आपल्या मुलीशी पोटभर गप्पा मारल्या. फोन ठेवून तो आत आला, तशी ती माझ्या मागे लपली. जाण्याआधी तिने एकदा तरी या हाडामांसाच्या माणसाला बाबा म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. तो बोलून दाखवत नसे. पण दाढी मात्र दर दोन दिवसांनी थोडी थोडी कमी करत होता.

समुद्रावरची माणसं प्रत्येक प्रश्न आखणी करून सोडवतात. सहलीने पोर आपलीशी होते, असं त्याला जहाजावरच कुणीतरी पटवलं होतं. म्हणून गणपतीपुळ्याची स्वारी निघाली: भाड्याची गाडी, तिघांना एकसारख्या टोप्या, औषधांची पेटी आणि राजेरजवाड्यांना पुरेल एवढा खाऊ. आरे-वारेच्या वळणांवर सईने तो सगळा खाऊ त्याच्या पांढऱ्या शर्टावर परत केला आणि ती गाढ झोपली. पुढच्या खेपेला आम्ही जवळच गेलो, भाट्याच्या किनाऱ्यावर. क्षितिजावरच्या बोटीकडे बोट दाखवून तो तिला जहाजाचे भाग समजावून सांगू लागला. ती खेकड्यांच्या बिळांत डोकावत होती. मध्येच वर न बघता मला म्हणाली, "आई, काकांना सांग, उन्हात येऊ नका. खेकडा घाबरतो." त्याची सावली बिळावर पडत होती. काका निमूटपणे बाजूला झाले.

घरी आल्यावर त्याने हे हसत सांगितलं, पण सासूबाई हसल्या नाहीत. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तू पावणा हायस रे तिला. एवढी मोठी बोट वळवाया वेळ लागतो म्हणतोस, मग पोर लगेच वळंल होय?"

त्यानंतर आमच्या सहलींचा परीघ आक्रसत गेला. आधी घरामागचा सडा, मग सड्याच्या अलीकडची आंब्याच्या कलमांची बाग, मग नुसता फाटकापर्यंतचा फेरा. सड्यावरची डबकी आटली होती. पावसात ज्या फुलांसाठी शहरातली माणसं कॅमेरे घेऊन येतात, त्यांच्या आता काड्या उरल्या होत्या. सईला त्या काड्याच आवडत. लांबच्या ठिकाणांची थोरवी आपण बहुधा अंतरावरून ठरवतो. प्रवासात हाडं खिळखिळी झाली की देखावा आपोआप भव्य होतो. मुलांना हे गणित कुठे ठाऊक असतं? अजितही हळूहळू काही दाखवायचा थांबला. तो नुसता तिच्या मागून चालायचा, आपली सावली सांभाळत.

नवान्न पौर्णिमेला आमच्याकडे नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं आणि झेंडूचं फूल यांची जुडी करून घरच्या प्रत्येक वस्तूला बांधायची. त्या सकाळी अजित ओटीवर जुड्या वळत बसला. सहलींच्या बाबतीत तो कितीही फसला असला, तरी दोरीची गाठ मारण्यात त्याच्यासारखा माणूस नाही. बोटं नुसती फिरली की जुडी तयार. सई आधी खांबामागून बघत होती. मग खांबाच्या अलीकडून. मग तिने एक जुडी उचलली आणि कुठे बांधायची ते आजीला विचारलं.

"जे आपलं हाय, त्येला बांधायचं," सासूबाई म्हणाल्या.

हा नियम तिने फारच मनावर घेतला. दार, तुळस, विहिरीचा पंप आणि स्कूटर इथवर परंपरेचा पाठिंबा होता. पुढे मिक्सर, फ्रीज आणि माझी छत्रीही आपली ठरली. ती जागा दाखवायची, अजित बांधायचा. फिरत फिरत दोघं आतल्या खोलीत गेली, तिथे त्याची बॅग अर्धी भरून ठेवलेली होती. त्यानेच हौसेने एक जुडी पुढे केली. सईने बॅगेकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. ही नको, ही बोटीची आहे, असा निकाल देऊन ती बाहेर आली. तोही मागोमाग आला आणि ओटीवर बसला. मी ताटं घ्यायला वळले, कारण त्याच्या चेहऱ्याकडे त्या वेळी बघू नये असं मला वाटलं.

परत वळून पाहिलं तेव्हा सई त्याच्या मांडीवर चढून त्याच्या शर्टाच्या वरच्या काजात एक जुडी खुपसत होती. गाठ तिला येत नव्हती, आणि त्याची मदत तिला नको होती. जुडी कशीबशी अडकली, लोंब्या त्याच्या हनुवटीला टोचू लागल्या.

"बाबा, हलू नको," ती म्हणाली, "पडेल."

खालच्या मळ्यातून पिकल्या भाताचा वास येत होता, गडग्यावर उशा तापत होत्या. मी पानं वाढून हाक मारली, पुन्हा मारली. पायाखालची जमीन कायम हलतीच असलेला तो माणूस ताठ बसून राहिला, आणि वरणभात पार निवून गेला.