राजगिऱ्याला कुणी काय दिलं

“विषबाधा आहे, मॅडम. तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या,” असं म्हणत त्या बाईंनी बुटाचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. खोक्याशेजारी झिपलॉकची एक छोटी पिशवी ठेवली. पिशवीत चिमूटभर पांढरी पावडर होती.

खोक्यात जुन्या टॉवेलवर वीतभर लांबीचा सरडा होता. बिअर्डेड ड्रॅगन. हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागातला. घाबरला किंवा चिडला की हनुवटीखालची कातडी दाढीसारखी फुगवतो, म्हणून हे नाव. घरात त्याला राजगिरा म्हणत. रंग खरोखरच तसा होता.

मी त्याला टेबलावर सोडलं. तो चालला, पण चालणं बरोबर नव्हतं. पुढचे पाय शरीर ओढत होते, मागचे वल्ह्यासारखे बाजूला पसरत होते. बोटं थरथरत होती. चार पावलं टाकून तो थांबायचा आणि मान मागे टाकून छताकडे बघत बसायचा.

“हे कधीपासून?”

“थरथर परवापासून. चालणं आठवडाभर बिघडलंय,” बाई म्हणाल्या. त्या मुग्धा. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होत्या. बोलणंही तसंच, मुद्द्याला मुद्दा. “आणि ही पावडर त्याच्या काचेच्या टाकीमागे, भिंतीशी सापडली. मुंग्यांची पावडर आहे. आमच्या नानांनी टाकलीय. सासरे माझे. त्यांना हा घरात नकोच होता. पाल पाळलीय म्हणतात.”

“मुग्धा, अगं...” शेजारी उभे असलेले त्यांचे मिस्टर म्हणाले. ते श्रीकांत, कॉमर्स कॉलेजात अकाउंट्स शिकवायचे.

“अगं काय, श्री? तूच सांग, टाकलीय की नाही?”

श्रीकांतनी मान हलवली. टाकली होती.

त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. सकाळी मी चारा छावणीत गाई-बैल तपासायचे आणि संध्याकाळी पुंडलिकनगरच्या क्लिनिकमध्ये हे असले पाहुणे. बायपासच्या बाजूनं नवे फ्लॅट उभे राहत होते. नळाला पाणी नाही, पण पार्किंगमध्ये गाड्या आणि आठव्या मजल्यावर इग्वाना जातीचे परदेशी सरडे. शेळ्या-म्हशींवर उभं आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला या प्राण्यांचं वेगळं शिक्षण घ्यावं लागलं. ते घेताना एक गोष्ट पक्की झाली. मालक सांगतो ती माहिती ऐकून घ्यायची, पण तपासल्याशिवाय खरी धरायची नाही. तो खोटं बोलतो असं नाही. पुष्कळदा तो जे करायला हवं होतं ते सांगतो.

“खायला काय देता?”

“रातकिडे. पुण्याहून पार्सल येतं. वर थोडा पाला,” मुग्धा म्हणाल्या. “कॅल्शियम पावडर रोज. मी स्वतः.”

“किडे खातो?”

“रोज,” उत्तर श्रीकांतकडून आलं. “सकाळी. व्यवस्थित खातो.”

मी राजगिऱ्याचा खालचा जबडा दोन बोटांत धरून हलकेच दाबला. जबडा दबला. हाड दबायला नको. हे खोडरबरासारखं लागत होतं.

क्लिनिकमधले माझे मदतनीस शकीलभाई मूळचे सिल्लोडचे. बैलाला एका हातानं आडवा पाडणारे, पण राजगिऱ्याला एक्स-रेसाठी धरताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. “मॅडम, ये काटता तो नहीं ना? पूरा मगरमच्छ का बच्चा दिखता.”

एक्स-रेमध्ये हाडं जेमतेम दिसत होती. हाड एक्स-रेत पांढरं दिसतं ते त्यातल्या कॅल्शियममुळे. इथं हाड आणि मांस जवळपास एकाच राखाडी रंगाचं होतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. हाडं मऊ पडतात. तेही पुरेनासं झालं की स्नायू थरथरू लागतात. वाढत्या वयातल्या सरड्यांचा हा नेहमीचा आजार. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव मी मुग्धांना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “हे परवाचं दुखणं नाही. हाडं दोन दिवसांत अशी होत नाहीत. महिना-दीड महिना लागतो.”

“म्हणजे विष नाही?”

“थरथर पावडरनंही होते. दोन्ही असू शकतं. आज मी काहीच लिहून देत नाही.”

मुग्धांना ते आवडलं नाही. “मॅडम, मी एकही दिवस कॅल्शियम चुकवलेलं नाही. मग ते जातं कुठं?”

प्रश्न बरोबर होता. मलाही तोच पडला होता. मी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, “उद्या त्याच्या आजूबाजूचं सगळं घेऊन या. पावडरचा डबा, दिव्याची नळी, किड्यांची डबी, विष्ठा. आणि त्याला हात लावणारी सगळी माणसं.”

“नाना हात लावत नाहीत. निदान आमच्यासमोर तरी.”

“त्यांनाही आणा.”

दुसऱ्या दिवशी तिघं आले. नाना पांढऱ्या शर्टात, ताठ. जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गाडी क्लिनिकच्या काचेसमोरच लावली होती आणि मागच्या सीटवर एक भरलेली बॅग दिसत होती.

“गावाला निघालात?” मी विचारलं.

“निघालो नाही, धाडतायत,” नाना म्हणाले. “देवगाव रंगारीला. थोरला भाऊ आहे तिथं. मी इथं राहिलो तर हा मगर मरतो म्हणे.”

“नाना, मी तसं म्हटलं नाही,” मुग्धा म्हणाल्या.

“नाही कसं? डॉक्टरांचा कागद आला की निघायचं, असंच ठरलंय ना? म्हटलं, बॅग तरी भरून ठेवावी.”

देवगावला त्या उन्हात काय होतं हे मला माहीत होतं. विहिरी आटलेल्या, सगळा भार टँकरवर. माणसं तिकडून शहरात येत होती आणि सत्तरीपुढचे हे गृहस्थ उलट दिशेनं निघाले होते. ते माझ्या कागदावर अवलंबून होतं, हे त्या क्षणी मला कळलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

मी एकेक वस्तू हातात घेतली.

आधी दिव्याची नळी. या सरड्यांना उन्हातले अतिनील किरण लागतात, नाहीतर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. घरात त्यासाठी खास नळी लावतात. ती वर्षभराच्या आत बदलावी लागते, आणि मधे काच असेल तर उपयोग शून्य. नळी नवी होती. मधे काच नव्हती, जाळी होती. टाकीचे फोटो मुग्धांनी चारही बाजूंनी काढून आणले होते.

मग कॅल्शियमचा डबा. मला भेसळीचा संशय होता. डबा ओळखीचा, सील ओळखीचं. चिमूटभर पावडर लिंबाच्या रसात टाकली, फसफसली. खरी होती. डबा निम्म्याहून खाली गेला होता, म्हणजे वापरही होत होता.

“ही देता कशी?” मी मुग्धांना विचारलं.

“किड्यांना लावून. डबीत किडे घ्यायचे, पावडर टाकायची, हलवायचं. पिठात घोळवल्यासारखे होतात. मग ते खातो तेव्हा कॅल्शियम पोटात जातं.”

“आणि टाकीत सोडतं कोण?”

“मी सहाला कंपनीच्या बसनं निघते. तेव्हा तो गार असतो, खात नाही. म्हणून डबी तयार करून ठेवते. नऊला दिवा लागतो, तो तापला की श्री सोडतो.”

हे बरोबर होतं. सरड्याचं रक्त स्वतःहून गरम राहत नाही. अंग तापल्याशिवाय तो ना शिकार करतो, ना ती पचवतो. पण त्यामुळे एकच काम दोन हातांत वाटलं गेलं होतं. आणि दुसरा हात कुणी पाहिला नव्हता.

मी विष्ठेची डबी उघडली. मुग्धांनी वेगवेगळ्या दिवसांच्या विष्ठा कागदाच्या पुड्यांत बांधून आणल्या होत्या. सगळ्या मायक्रोस्कोपखाली घातल्या. हिरवे तंतू. पानांच्या शिरा. मुगाची सालं. पुन्हा हिरवे तंतू. किड्याचे पाय, पंख, डोक्याचं कवच सरड्याला पचत नाही, ते विष्ठेत जसंच्या तसं बाहेर येतं. रोज रातकिडे खाणाऱ्या सरड्याच्या विष्ठेत एकही पाय नव्हता.

मी खुर्ची फिरवली. “यानं पुष्कळ दिवसांत एकही किडा खाल्लेला नाही.”

“अशक्य आहे,” मुग्धा म्हणाल्या. “डबी रोज रिकामी असते. मी घरी येऊन धुते ना.” आणि त्यांनी नानांकडे पाहिलं. दुपारी घरात एकटे तेच असत.

नाना भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते. चेहऱ्यावर काही नाही. माझाही संशय क्षणभर त्यांच्यावरच गेला. पण नानांनी अजून मला काहीच सांगितलं नव्हतं. न विचारता उत्तर दिलं होतं ते दुसऱ्यानंच. रोज, सकाळी, व्यवस्थित.

त्या दिवशीची किड्यांची डबी टेबलावर होती. आत पावडर लागलेले रातकिडे फिरत होते. राजगिऱ्याला कालच्या इंजेक्शननं जरा हुशारी आली होती. त्याची नजर डबीवर खिळली होती आणि जीभ बाहेर येऊन आत जात होती.

मी डबी श्रीकांतपुढे सरकवली. “तुम्ही रोज देता ना? दोन टाका.”

त्यांनी डबी घेतली. झाकणाला अंगठा लावला. राजगिरा लंगडत, पोट घासत त्यांच्या हाताकडे निघाला. श्रीकांतनी डबी उचलून छातीशी धरली. अंगठा तिथंच होता, झाकण उघडत नव्हतं.

“श्री?” मुग्धा म्हणाल्या.

“सांग आता,” नाना पोस्टरकडेच बघत म्हणाले. “का मी देवगावला पोचल्यावर सांगणारेस?”

श्रीकांत खाली बसले. “माझा नेम आहे, मॅडम. चातुर्मासाचा. दरवर्षी काही ना काही सोडतो. गेल्या वर्षी वांगी सोडली होती. या वर्षी म्हटलं, चार महिने माझ्या हातून जीव जायला नको.”

“आणि मला सांगितलं नाहीस?” मुग्धांचा आवाज चढला.

“नेम बोलून दाखवायचा नसतो. आई तसंच सांगायची. आणि तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मग पाळला कशाला.”

“म्हटलंच असतं! मग किडे जायचे कुठं?”

“बाल्कनीत. कुंड्यांमध्ये सोडायचो. आणि याला उपाशी नाही ठेवलं मी. पालक द्यायचो, ताजा. भिजवलेले मूग. भाव काय झालाय पालकाचा, तरी रोज आणायचो.”

पालक ऐकून मी कपाळाला हात लावला. माणसाला चांगला, याला वाईट. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, शरीराला मिळू देत नाही. म्हणजे किड्यांबरोबर कॅल्शियम बाल्कनीत जात होतं आणि पानांत जे काही थोडं होतं तेही पालक अडवत होता.

“कुंड्यांना पाणी घालता?” मी विचारलं.

“कुठलं, मॅडम. प्यायलाच विकतचं. झाडं कधीच वाळली.”

“मग किडे जगत नव्हते. ओल नसेल तर त्या उन्हात ते संध्याकाळही बघत नाहीत. मेलेल्या किड्यांना मुंग्या लागल्या असतील.”

“लागल्या की,” नाना पहिल्यांदा माझ्याकडे वळले. “रांगाच्या रांगा. बाल्कनीतनं थेट या मगराच्या टाकीपर्यंत. अर्धमेला प्राणी, रात्रीत डोळे खाल्ले असते त्याचे. म्हणून मी पावडर मारली. टाकीच्या मागं मारली, आत नाही. एवढं कळतं मला.”

मी राजगिऱ्याला उचलून पुन्हा टॉवेलवर ठेवलं. तो अजून डबी शोधत होता.

“नाना, तुम्हाला सगळं माहीत होतं?” मुग्धांनी विचारलं. आवाज आता खाली आला होता.

“सकाळी मी बाल्कनीतच असतो पेपर घेऊन. दिसणारच.”

“मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला काय काय बोलले...”

“बोललो तर पोराची लाज जायची, नाही बोललो तर माझी. माझी काय, वापरलेलीच आहे.” मग श्रीकांतकडे वळून म्हणाले, “पण तू गाडीत बॅग ठेवलीस ना, तेव्हा वाटलं होतं की बोलशील.”

श्रीकांतनी छातीशी धरलेली डबी टेबलावर ठेवली.

मी कामाला लागले. भावनेला वेळ देत बसलं की डोस चुकतात. पुन्हा इंजेक्शन, मग तोंडानं द्यायचं कॅल्शियम, टाकीत चढायला काही नको कारण पडला तर हाड मोडेल, पालक बंद. आणि किडे रोज, आधी अगदी लहान, कारण जबड्याला चावायची ताकद नव्हती.

“आता प्रश्न असा,” मी म्हणाले, “देणार कोण? यांचा नेम कार्तिकीपर्यंत आहे. मुग्धा सकाळी घरी नाहीत.”

“मी देतो,” नाना म्हणाले. “मी यंदा गोड सोडलंय. किड्यांबद्दल काही ठरलेलं नाही. चिमटा मिळेल ना? हात लावणार नाही मी त्यांना.”

शकीलभाईंनी ड्रॉवरमधून लांब चिमटा काढून त्यांच्या हातात दिला. नानांनी तो उघडझाप करून पाहिला, डबीतून एक किडा पकडला आणि तोंड वाकडं करून राजगिऱ्यासमोर धरला. राजगिऱ्यानं झडप घातली, पण नेम चुकला. दुसऱ्यांदा घातली, तेव्हा किडा तोंडात गेला. तो चावताना जबडा वाकत होता, तरी त्यानं सोडला नाही.

“खा बाबा,” नाना म्हणाले. “तुझ्यापायी माझं गावी जाणं राहिलं.”

निघताना मुग्धा मागच्या सीटवरची बॅग पुढं घ्यायला गेल्या. नानांनी थांबवलं. “बॅग राहू दे. खोकं मांडीवर घे आधी, त्याला धक्के बसतील.” श्रीकांत गाडीचं दार धरून उभे होते. नाना वळसा घालून दुसऱ्या दारानं आत बसले.

राजगिरा वाचला. थरथर आठवड्याभरात गेली. जबडा घट्ट व्हायला दिवाळी उलटली. शेपटीला एक बाक आणि मागच्या एका पायाला ओढ कायमची राहिली. तपासणीला नानाच घेऊन यायचे, खिशात चिमटा असायचा. कार्तिकी झाल्यावर नेम संपला, पण चिमटा त्यांनी श्रीकांतना परत दिला नाही.

मी कागद लिहिला तो एका ओळीचा होता. आहारात कॅल्शियमची कमतरता, विषबाधा नाही. मुग्धांनी तो मागितला होता म्हणून दिला. त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला. कुणाला दाखवायला नव्हे, असं त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी मालकांना “खायला काय देता” असं विचारत नाही. “शेवटचं खाताना कुणी पाहिलं” असं विचारते. पहिल्या प्रश्नाला उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघतात, आणि माझं निम्मं निदान तिथंच होतं.