वकिलाने जिंकलेला वाद

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत त्याला सगळे ‘वकील’ म्हणत. कोर्टाची पायरी तो जन्मात चढला नव्हता, पण समोरच्याच्या बोलण्यातली खोट त्याला भातातल्या खड्यासारखी चटकन लागायची. एका इमारतीतले आजोबा म्हणाले, “वर नवे भाडेकरू आले आणि लिफ्ट कुरकुरायला लागली.”

“मग तुमचे केसही त्यांनीच घालवले का, आजोबा?” वकील म्हणाला. “एकामागून दुसरं झालं, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं नसतं.”

आजोबांची अशी फिरकी घेऊन तो गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत गेला आणि वीज बंद करून लिफ्टचा दोर वीत न् वीत तपासला. तीन तारा तुटलेल्या निघाल्या. तक्रारीचं कारण कितीही वेडगळ असो, लिफ्ट उघडून बघायचीच, हा त्याचा वीस वर्षांचा नेम होता.

घरी असला काही नेम नव्हता. घरी वाद झाला की तो जिंकायचा आणि मग जेवायला बसायचा.

त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीला ताप आला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पाच दिवसांत उतरेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “अहो, हिला मोठ्या दवाखान्यात नेऊ या. समोरच्या मुलीला असंच झालं होतं, तिच्या छातीत पाणी निघालं.”

“एकीला झालं म्हणजे सगळ्यांना होतं?”

“खालच्या सगळ्या बायका तेच म्हणतायत.”

“दहा जणी म्हणाल्या म्हणून खोट्याचं खरं होतं का?”

बायकोने पोरीच्या कपाळावर हात ठेवला. “मला आतून काहीतरी वाटतंय हो.”

“वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. आणि डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?”

पुराव्याऐवजी मोठ्या माणसाचं नाव पुढे करणारं हे शेवटचं वाक्य दुसऱ्या कुणी त्याला ऐकवलं असतं, तर त्याने त्या माणसाची सालटी काढली असती. पण बायकोला ती खोट कुठून दिसणार? ती पाणी आणायला आत गेली. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमध्ये खळगे पडत होते, आणि तो दाराशी उभा असूनही त्याने ते पाहिले नाहीत. वाद संपला होता ना.

पाचव्या दिवशी सकाळी पोरीचे ओठ निळसर दिसले. मग मात्र तिला उचलून तो जिने धावतच उतरला.

मोठ्या दवाखान्यात तिच्या नाकाला नळी लावली, पाठीतून सुईने पू काढला. दोन दिवस काहीच सांगता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाकावर बसल्या बसल्या वकिलाला कळून चुकलं: बायकोची तिन्ही कारणं लंगडी होती आणि ती बोलत होती ते खरं होतं. परक्यांच्या लिफ्टसाठी तो चौदा मजले चढायचा. लेकीच्या छातीला कान लावायला चार पावलं चालला नव्हता. त्याला स्वतःची शिसारी आली.

डॉक्टरीणबाई पुन्हा बाहेर आल्या. “इतके दिवस का थांबलात?”

तो काही बोलायच्या आतच बायको पदर सावरत उभी राहिली.

“चूक माझीच आहे हो,” ती म्हणाली. “मला यांना नीट पटवून सांगता आलं नाही.”