एका टेबलावर दोन थर

दादरला ट्रामीत बसलो तेव्हा मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत दगड. खानदेशातल्या एका कपारीत अश्मयुगातल्या माणसांनी फोडलेली ही हत्यारं, वरच्या थरातली. खालच्या थरातली गिरगावात, माझे गुरू नाना यांच्याकडे. दोन थर म्हणजे दोन वेगळे लोक, असं नानांचं म्हणणं. त्यावरचं त्यांचं पुस्तक छापायला जायचं होतं. मला शंका होती, म्हणून आधी सगळं पुन्हा तपासायला पुण्याहून निघालो होतो.

लालबागला संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आडवा आला. ट्राम थांबली, आम्ही उतरलो. दंडाला फीत बांधलेल्या एका गिरणी कामगाराने पिशवी चाचपली.

"काय आहे ओ ह्यात? दगड?"

"जुने आहेत. अभ्यासाचे."

"जुने असूं देत नायतर नवे. आज दगड नाय मारायचे. शांततेत जायचंय."

मी एक काढून दाखवला. त्याने धारेवर बोट फिरवलं आणि हसून वाट दिली. भायखळ्यापर्यंत पायपीट झाली. नवे जोडे चावले ते वेगळंच.

नानांच्या चाळीत काकूंनी आधी जेवायला वाढलं. डाळिंब्या (सोललेल्या वालांची उसळ) आणि वाफाळता भात. मग नानांनी आपला खोका टेबलावर मांडला आणि माझे दगड खिडकीपाशी पाटावर. थर मिसळू नयेत म्हणून त्यांची ही शिस्त. उठाबशा काढून माझी कंबर गेली.

"नाना, दोन्ही एकत्र मांडू?"

"एका टेबलावर दोन थर? हे शिकवलं मी तुला?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, मांडू दे की. दगडच ते, भांडतायत थोडेच!"

नानांनी नाइलाजाने जागा केली. मग तांबड्या रेघेची माझी एक कपची त्यांनीच उचलली आणि तसल्याच रेघेच्या आपल्या दगडावर टेकवली. ती चपखल बसली. त्यांनी काढून पुन्हा बसवली. मग दुसरी. तिसरीही.

"एकाच माणसाने एकाच बैठकीत फोडलाय हा," ते म्हणाले. "घुशींनी बिळं करून वरचं खाली केलं असणार. गेले माझे दोन लोक."

माझी शंका खरी ठरली होती. मला आनंद झाला आणि त्याची लगेच लाजही वाटली. पुस्तकाचं विचारायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी ते खोका घेऊन ट्रामपर्यंत आले.

"हे वेगळे बांधू?" मी विचारलं.

"आता कशाला?" म्हणत त्यांनी आपले दगड माझ्या पिशवीत ओतले आणि रिकामा खोका काखेत मारून चाळीकडे वळले.

चूक शोधायला मी गेलो होतो. दाखवली ती नानांनी. परतीच्या ट्रामीत पिशवी फार जड लागत होती, तरी ती पायाशी ठेववली नाही.