गोठलेली कुपी

आमच्या प्रयोगशाळेत उंदराच्या शेपटीतली शीर सापडणं, हे पीएचडी मिळण्याहून अवघड होतं. त्या शिरेत चमकणारे सूक्ष्म कण टोचले, की सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतल्या, केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या उजळून दिसत. माझं सगळं संशोधन त्या चित्रांवर उभं होतं, आणि चित्रं मावशींवर.

मावशी मुकुंदवाडीहून यायच्या. कंत्राटावर पिंजरे धुवायच्या, दिवाळीनंतर कायम करतो असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी कबूल केलं होतं. त्या उंदराची शेपटी कोमट पाण्यात धरून म्हणायच्या, "भिऊ नको रं राजा." शीर फुगून वर यायची. माझ्या हातात तोच उंदीर कडकडून चावायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी वीज सारखी जात होती. कणांची कुपी नासू नये म्हणून मी ती फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. घरी दूध आम्ही असंच वाचवतो. गोठल्यावर कण एकमेकांना चिकटतात, हे शिकूनही मी विसरलो होतो.

सुट्टीनंतर तीच कुपी वितळवून टोचली. दोन उंदीर टेबलावरच तडफडून मेले. भिंगातून पाहिलं तर मेंदूतल्या वाहिन्यांमध्ये चमकते गोळे अडकलेले. तेव्हा कुठे मला आठवलं.

"कुपी कुणी गोठवली?" सरांनी विचारलं.

"सुट्टीआधी मावशींनी फ्रीज साफ केला होता," मी म्हणालो. वाक्य खरं होतं. त्याचीच मला जास्त किळस येते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरानंच संन्यासी दाखवून दिला.

"सर, म्या निस्ता फ्रीज पुसला. बाटलीला हात बी नाय लावला," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "दादा, तुमी तरी सांगा की."

मी भिंगाला डोळा लावून बसलो. दुसऱ्या दिवसापासून मावशींना कामावरून काढलं. मला पीएचडी मिळाली.

परवा मुकुंदवाडी स्टेशनबाहेर त्या दिसल्या. आता चार घरची धुणीभांडी करतात. मी नजर चुकवत होतो, त्यांनीच हाक मारली.

"दादा, उंदरं बरी हायत का? शेपटी कोमट पान्यात धरता नव्हं? लई भेतात वो ती."

"धरतो," मी म्हणालो.

खरंच धरतो. त्यांचेच शब्द म्हणतो, "भिऊ नको रं राजा." आता उंदीर मला चावत नाहीत. विश्वास ठेवतात.